मिक्सर घेताना आधी त्याची पाठ बघ

तुझा प्रश्न मला समजला तो असा. चार वर्षं दोन चॅनलच्या कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपला लावून एका वेळी दोन गाणी हाताळायच्या यंत्रावर, हळदी, संगीत, वाढदिवस वाजवलेस. आता ओळखीतून दोन एक्सडीजे-७००, म्हणजे पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे प्लेयर, जुन्यात मिळतायत, त्यांचा व्यवहार जवळजवळ ठरलाय. त्यांना जोडायला मिक्सर हवा आणि त्यासाठी दीड लाख वेगळे ठेवलेत. एक मित्र म्हणतो, जुना का होईना पण नऊशे नेक्सस-टूच घे, म्हणजे क्लबातला तो मोठा पायोनियर मिक्सर. दुसरा म्हणतो, ॲनालॉग घे, आवाज भरीव येतो. दोघांत कोणाचं ऐकू, असं विचारतोयस. दादा म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नकोस. दोघं मिक्सरचं तोंड बघून बोलतायत. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. डबल डेक सीडीवर सुरुवात केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजवलं, लॉनवर वाजवलं, मधली काही वर्षं पुण्यातल्या क्लबातही काढली. एवढ्या काळात मिक्सरच्या तोंडाने मला दोन-तीनदाच अडवलं असेल. बाकी जेव्हा जेव्हा घाम फुटला, तेव्हा कारण मागच्या बाजूला होतं. भोक कमी पडलं, चुकीचं भोक निघालं, नाहीतर पिन ढिली झाली. दुकानात गेलास की तो माणूस सगळे दिवे लावून, इको मारून दाखवेल. बघ, कौतुक कर आणि मग त्याला मिक्सर उलटा करायला सांग.

त्याआधी घरी एक काम कर. गेल्या सीझनमधला सगळ्यात धावपळीचा कार्यक्रम आठव आणि त्या दिवशी काय काय जोडावं लागलं ते कागदावर लिही. माझ्या वहीतला एक दिवस सांगतो. सकाळी मंगलाष्टकांना गुरुजींचा माईक, तोही माझ्याच सिस्टीमवर, कारण कार्यालयाचा स्पीकर बंद पडला होता. दुपारी जेवणावळीला लॅपटॉपवरून भावगीतं. संध्याकाळी संगीत, म्हणजे अँकरचा कॉर्डलेस, घरच्यांसाठी दुसरा कॉर्डलेस आणि कोरिओग्राफरचा फोन. बावीस नाच, प्रत्येकाचं कापून जोडलेलं गाणं त्या फोनमध्ये, आणि पेनड्राइव्हवर घेऊन ये असं चार दिवस आधी सांगूनही आणलेला नाही. त्यानंतर रात्री १० पर्यंत माझं खरं वाजवणं. मोजलंस तर दोन प्लेयर, एक लॅपटॉप, एक फोन, दोन माईक. सहा गोष्टी, आणि त्यातल्या दोन गाण्यांच्या नाहीतच.

या यादीसमोर 'किती चॅनलचा घेऊ' हा प्रश्न वेगळाच दिसतो. क्लबात चार चॅनल लागतात ते चार प्लेयरसाठी. आपल्याकडे तिसरा चॅनल लागतो तो अडचणीसाठी. प्लेयरने पेनड्राइव्ह वाचला नाही, लॅपटॉप अपडेट घ्यायला बसला, कोरिओग्राफर धावत आली. अशा वेळी एक मोकळा स्टिरिओ चॅनल आणि त्यात आधीच खोचून ठेवलेली साडेतीन एमएमची वायर तुझी लाज राखते. नव्या डीजेएम-ए९ मध्ये, म्हणजे त्या नेक्सस-टूच्या पुढच्या मॉडेलमध्ये, ब्लूटूथने गाणं घ्यायची सोय आहे आणि ती छान आहे. पण पाहुण्याचा फोन घेशील तेव्हा तो आधी फ्लाइट मोडवर टाकायला सांग आणि मगच ब्लूटूथ चालू कर. नवरीच्या एन्ट्रीला भिंतीएवढ्या स्पीकरमधून कुणाच्या तरी सासूबाईंची रिंगटोन वाजलेली मी ऐकली आहे.

आता माईक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डीजे मिक्सर बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आपलं लग्न नसतं. त्यांच्या हिशेबात माईक म्हणजे डीजेने मधेच ओरडायचं साधन. म्हणून बहुतेक डीजे मिक्सरवर माईकला एक किंवा दोन जागा, त्यावर दोन पट्ट्यांचा ईक्यू, म्हणजे वरचा-खालचा सूर कमी-जास्त करायच्या खुंट्या, आणि एक टॉकओव्हरचं बटण, म्हणजे कुणी बोललं की गाणं आपोआप खाली. एवढ्यावर काम संपतं. आपल्याकडे मात्र माईक मामांच्या हातात जातो, आणि ते बोलता बोलता थेट टॉपसमोर, म्हणजे मुख्य स्पीकरसमोर जाऊन उभे राहतात. शिट्टी कुठल्या सुरात उठेल ते सांगता येत नाही, आणि हाय-लो अशा दोन खुंट्यांनी मधल्या सुरातली शिट्टी मरत नाही. जोडीला आजींचा आवाज बारीक, अँकरचा दणदणीत. दोघांना वेगवेगळा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायची खुंटी, हवा. एका माईकच्या जागेत वाय-वायरने दोन रिसीव्हर कोंबणारे लोक मी पाहिलेत. दोन्ही रिसीव्हर एकमेकांवर लोड टाकतात आणि दोन्ही माईक पडेल आवाजात येतात.

म्हणून दुकानात माईकच्या जागेबद्दल नेमकं विचार. जागा एक्सएलआरची, म्हणजे तीन पिनांची आहे की नुसत्या जाड जॅकची? दोन्ही माईकना स्वतंत्र आवाज आहे का? माईक बूथच्या, म्हणजे डीजेच्या शेजारच्या, स्पीकरमध्ये जाणं बंद करता येतं का? मोठ्या डीजेएममध्ये ही शेवटची सोय सेटिंगच्या मेनूत असते. ती बंद केलीस की निम्म्या शिट्ट्या तिथेच संपतात, कारण तू आणि अँकर दोघं बूथ स्पीकरच्या तोंडाशीच उभे असता. कॉर्डलेसच्या रिसीव्हरवर माईक आणि लाइन असा छोटा स्विच असला तर तोही बघून ठेव. लाइनवर ठेवून माईकच्या जागेत घातलास तर आवाज फाटणार, आणि दोष मात्र मिक्सरला जाणार.

खरं सांगायचं तर माईकचं काम डीजे मिक्सरकडून करून घ्यायचंच नाही, या मतावर मी आलोय. का ते खाली सांगतो.

मागच्या बाजूचा दुसरा भाग म्हणजे बाहेर जाणारा आवाज. तुझ्या कंट्रोलरला फक्त लाल-पांढऱ्या आरसीएच्या जोडीने आउट आहे. माझ्या पहिल्या मिक्सरलाही तेवढंच होतं. स्टेजपासून अँप्लिफायरचा रॅक चाळीस मीटर लांब, मधे लाइटिंगवाल्याच्या डिमरच्या वायरी, आणि मी जाडजूड आरसीए वायर बनवून घेतलेली. गाणं थांबलं की सगळ्या लॉनवर 'घूंऽऽ' ऐकू यायचं. तेव्हा वाटायचं वायर हलकी मिळाली. पण प्रश्न वायरच्या जाडीचा नव्हता. आरसीएमध्ये आवाजाची एकच तार असते आणि तिच्याभोवतीचं जाळीचं वेष्टण हाच परतीचा रस्ता. वाटेत शिरलेला गोंगाट तारेवर बसतो तो बसतोच. एक्सएलआरच्या बॅलन्स्ड जोडणीत दोन तारा असतात. दुसरीवर तोच आवाज उलटा जातो, आणि पलीकडचं यंत्र दोन्हींमधला फरक घेतं. वाटेतला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसलेला असतो, त्यामुळे फरक काढताना तो उडून जातो. शिवाय घरगुती उपकरणांची ठरलेली पातळी साधारण ०.३१६ व्होल्ट, आणि व्यावसायिक यंत्रांची १.२३ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ चौपट. मुळात मोठा आवाज पाठवला की त्याच्यापुढे वाटेतला कचरा लहान ठरतो. तेव्हा मास्टर, म्हणजे मुख्य आउट, एक्सएलआर नसलेला मिक्सर कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. माझी ही एकच अट अशी आहे की जिच्यावर मी वाद घालत नाही.

तिसरी गोष्ट बूथ आउट. यावर लोक हसतात, म्हणतात स्पीकरची एवढी भिंत लागलीये, तुला वेगळा स्पीकर कशाला? हिशेब कर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. भिंत तुझ्यापासून सतरा मीटर पुढे असेल तर तिचा ठोका तुझ्या कानाला एका सेकंदाचा विसावा भाग उशिरा येतो. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्धा सेकंद असतं, म्हणजे तू ऐकतोस तो ठोका दहा टक्के मागे पडलेला. कानातल्या हेडफोनचा ठोका मात्र अगदी वेळेवर. दोन्ही जुळवायला गेलास की समोरच्या लोकांना गाढव-दौड ऐकू येते, म्हणजे एकामागे एक धडपडणारे दोन ठोके. आतापर्यंत तुझ्या हे लक्षात आलं नसेल, कारण सॉफ्टवेअरचं सिंक, म्हणजे ठोके आपोआप जुळवायची सोय, तुला सांभाळून घेत होतं. शेजारी एक छोटा पॉवर्ड स्पीकर आणि त्याची वेगळी खुंटी असलेला बूथ आउट, एवढ्याने हा आजार जातो. माझ्या माहितीतल्या कितीतरी जणांनी महागडा मिक्सर घेतला आणि बूथ स्पीकरला पैसे नाहीत म्हणाले.

फोनोच्या जागांचं काय करायचं? त्या टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या तबकडीसाठी असतात. तुझ्याकडे टर्नटेबल नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे देऊ नकोस. टर्नटेबलच्या सुईतून येणारा आवाज काही मिलीव्होल्टचा असतो आणि रेकॉर्ड कापतानाच बास दाबून, ट्रेबल चढवून कापलेली असते. १९५४ पासून त्याचा एक ठरलेला वक्र आहे आणि फोनोची जागा तो उलटा लावून आवाज मोठा करते. लाइनचा प्लेयर तिथे गेला की भयानक फाटतो. गोव्याच्या किनाऱ्यावर ट्रान्सच्या जुन्या पार्ट्या व्हायच्या तेव्हासुद्धा लोक डॅट नावाच्या डिजिटल टेपवर आणि कॅसेटवर वाजवायचे, कारण त्या उन्हात रेकॉर्ड वाकून जायच्या. आपल्या मे महिन्यातल्या लग्नाची गोष्ट वेगळी नाही. पण फोनो आणि लाइन निवडायचा स्विच बहुतेक मिक्सरवर असणारच, आणि नाचता नाचता कुणाचं तरी कोपर त्याला लागणारच. तो लाइनवर ठेवायचा आणि वरून काळी टेप मारायची.

आता थोडं घुमण्याबद्दल, कारण नवा मिक्सर आल्यावर पहिल्याच कार्यक्रमात तुला हा प्रश्न पडेल. प्लेयर, मिक्सर, लॅपटॉप सगळे वेगवेगळे झाले की प्रत्येकाचा वीजपुरवठा वेगळ्या बोर्डावर जाऊ शकतो, आणि मग आवाजाच्या वायरींमधून अर्थिंगचं चक्र तयार होतं. आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा घूं त्यातूनच येतो. यावर गावोगाव एकच इलाज चालतो, तिसरी पिन तोडून टाकायची. घूं जातोही. माझ्या एका कार्यक्रमात आमच्याच पोराने रॅकची अशी पिन तोडली होती आणि मला सांगितलं नव्हतं. जनरेटरवर गेल्यावर माईकच्या जाळीला ओठ लागले आणि मला जो झटका बसला, तो आजही आठवतो. माझ्या जागी नवरा मुलगा असता तर? पिन तोडायची नाही. आवाजाची सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्यायची, लाइटिंगचा बोर्ड वेगळा ठेवायचा, आणि तरीही लॅपटॉप घुमला तर त्याच्या वायरीत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाकायचा. एवढासा डबा असतो, काही हजारांत काम होतं. अजून एक, अमेरिकेतला मावसभाऊ येताना मिक्सर आणतोय, स्वस्त पडतो, असं कुणी सुचवलं तर मागे लिहिलेलं व्होल्टेज आधी वाच. काही मिक्सर १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतात. काही फक्त १२० चे असतात, आणि ते आपल्या २३० ला एकदाच चालतात.

पाठ बघून झाली. आता तोंड.

तोंडावर मी सगळ्यात आधी ईक्यूच्या खुंट्या बघतो. डीजेएमसारख्या मिक्सरमध्ये एक सेटिंग असतं. ईक्यूवर ठेवलं तर खुंटी पूर्ण डावीकडे नेऊनही आवाज २६ डेसिबलने कमी होतो, पण नाहीसा होत नाही. आयसोलेटरवर ठेवलं तर पूर्ण मरतो. आपल्या कामाला याचा फरक पडतो. दोन हिंदी गाणी जोडताना थोडा बास मागे राहिला तरी चालतं. पण ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर दुसरं गाणं चढवायचं असेल तर ढोलाचा खालचा सूर पूर्ण गेलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या गाण्यातल्या किकशी, म्हणजे जड ठोक्याशी, मारामारी होते. मरायलाच हवं तेव्हा मारता यावं आणि एरवी मऊ वागावं, म्हणून दोन्ही सोयी असलेला बरा. झोन:९६ सारख्या मिक्सरला चार पट्ट्यांचा ईक्यू असतो, त्यात मधला सूर दोन खुंट्यांत वाटलेला. गाण्यातला माणसाचा आवाज ठेवून बाकी गाळायला तो फार गोड लागतो. पण तो तुझ्या बजेटातला नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी. तू स्क्रॅचिंग करत नाहीस, मग क्रॉसफेडरच्या, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आडव्या फेडरच्या, नावांत अडकू नकोस. एवढंच समजून घे की जुन्या पद्धतीच्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक जिभली घासत जाते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की खर्रखर्र सुरू. मॅगव्हेल नावाचे फेडर चुंबकावर चालतात, घासणं नाही, त्यामुळे जास्त टिकतात. पण अनेक मिक्सरमध्ये फक्त क्रॉसफेडर तसा असतो आणि वर-खाली जाणारे चॅनल फेडर साधेच, आणि तू तर रोज चॅनल फेडरच वापरणार. त्यात आपला शत्रू साधी धूळ नाही. हळदीतली हळद आहे, मिरवणुकीतला गुलाल आहे. गुलाल फेडरच्या फटीतून आत गेला की घामाच्या हाताने त्याची पेस्ट होते. म्हणून मिक्सरच्या मापाचं कडक प्लास्टिकचं झाकण पहिल्या दिवशीच घे आणि जेवायला गेलास तरी घाल. खरखर आली म्हणून गाडीच्या गंजाचा स्प्रे मारू नकोस. तो दोन दिवस बरं वाटू देतो आणि मग फेडरमधलं ग्रीस धुऊन नेतो. फेडरसाठीचाच स्प्रे मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचार. आणि घेण्याआधी दुकानात हेही विचार की फेडर बदलायला मिळतो का, आणि तो बदलायला चार स्क्रू काढावे लागतात की अख्खं यंत्र.

तुझ्या दुसऱ्या मित्राच्या ॲनालॉगबद्दल. त्याचं म्हणणं खोटं नाही. चांगल्या खोलीत, चांगल्या स्पीकरवर, शांतपणे ऐकलं तर फरक कळतो आणि मलाही आवडतो. लॉनवर सहाशे माणसं, शेजारी जनरेटर, पाठीमागे केटररची भांडी. तिथे हा फरक मला बावीस वर्षांत एकदाही ऐकू आलेला नाही. 'आवाज भरीव येत नाही' ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांचं दुखणं वेगळंच असतं. ते चॅनलचा ट्रिम, म्हणजे त्या चॅनलची गेनची खुंटी, लालपर्यंत चढवतात, मास्टर लालपर्यंत चढवतात, आणि मग साउंडवाला त्याच्या बाजूला खाली ओढतो. डिजिटल मिक्सरमध्ये कमाल पातळीच्या वर काही नसतंच, लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. कापलेला आवाज ऐकायला मोठा वाटत नाही, नुसता बोचरा वाटतो, आणि त्याने ट्वीटर जळतात. ट्रिम अशी लाव की गाण्याच्या सगळ्यात मोठ्या जागी मीटर पिवळ्यात खेळेल, लाल दिसणारच नाही. जोर हवा असेल तर तो अँप्लिफायरकडून घ्यायचा. हे उद्याच्या कार्यक्रमात तुझ्या जुन्या कंट्रोलरवर करून बघ. कदाचित तुला वाटेल की नवा मिक्सर घेतलाच आहे.

इफेक्टवर फार बोलत नाही. तुझ्या मित्राने नेक्सस-टूचे चौदा इफेक्ट मोजून दाखवले असतील. मी वापरतो इको, फिल्टर आणि कधीतरी रिव्हर्ब. बाकीचे पहिल्या आठवड्यात वापरले जातात.

साउंड कार्डचं मात्र बघायला हवं. लॅपटॉप यूएसबीने थेट मिक्सरला लागला तर एक डबा आणि दोन वायरी वाचतात. पण 'यूएसबी आहे' एवढ्यावर भागत नाही. तू वापरतोस ते सॉफ्टवेअर त्या मॉडेलला कसं ओळखतं, फुकट की पैसे भरून, हे सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत स्वतः वाच. दुकानदाराच्या 'चालतंय की' वर जाऊ नकोस. ड्रायव्हर तुझ्या विंडोजला किंवा मॅकला अजून निघतोय का तेही बघ, विशेषतः जुन्यात घेत असशील तर. नावावरून गोंधळू नकोस. पायोनियर डीजे बनवणारी कंपनी आज अल्फाथीटा आहे आणि नव्या मालावर तेच नाव यायला लागलंय. कुणी ते सांगून 'जुनी कंपनी बंद पडली, स्वस्तात काढतोय' म्हणाला तर हसून सोडून दे.

आता तो नेक्सस-टू. डीजेएम-९००नेक्सस-टू २०१६ साली आला आणि पुढची कित्येक वर्षं जवळपास प्रत्येक क्लबात तोच होता. २०२३ मध्ये त्याच्या जागी ए९ आला. यंत्र उत्तम आहे, यात शंका नाही. माझी शंका तुला मिळणाऱ्या पीसबद्दल आहे. ए९ आल्यावर जे नेक्सस-टू बाजारात आले, त्यातले बरेच क्लबातले किंवा भाड्याने फिरलेले. आठवड्याला पाच रात्री, सांडलेली बिअर, दर रात्री वेगळा हात. तरी जायचंच असेल तर असं जा. स्वतःचा हेडफोन, एक प्लेयर आणि दोन वायरी घेऊन जा. पेनड्राइव्हवर एकसारखा चालणारा सूर ठेव, गाण्यात खरखर लपून जाते. तो सूर लावून प्रत्येक चॅनलचा फेडर अगदी सावकाश वर-खाली कर, मग प्रत्येक खुंटी. आवाज मधेच डावीकडून उजवीकडे सरकला किंवा खरखरला तर लिहून ठेव. क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूला जोरात वाजव आणि बाहेर काही झिरपतंय का ऐक. हेडफोनची पिन घालून हळूच हलव, क्लबाच्या मिक्सरमध्ये सगळ्यात आधी जाते ती हीच जागा. मागची प्रत्येक जागा एकेक करून लाव, यूएसबीच्या दोन्हीसुद्धा. तळाचे स्क्रू बघ, डोकी घासलेली असतील तर आत हात गेलाय. आणि तासभर चालू ठेवून चहा पी. थंड असताना नीट वागणारी आणि गरम झाल्यावर रुसणारी यंत्रं मी दोनदा घरी आणलीत. बिल नाही, सीरियल नंबर खरवडलेला, असं असेल तर चहाचे पैसे देऊन निघ.

आणि समजा पीस चांगला निघाला, तरी तुझे दीड लाख तिथेच संपतील. चार फोनोच्या जागा, ज्या तुला नकोत. माईकचा प्रश्न तसाच. बूथ स्पीकर नाही, झाकण नाही, केस नाही. म्हणून तुझ्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो.

डीजे मिक्सर छोटा पण नवा घेतला असता, वॉरंटीसकट. डीजेएम-४५० च्या जातीचा दोन चॅनलचा, मास्टर एक्सएलआर, बूथ वेगळा, आत साउंड कार्ड. सॉफ्टवेअरशी फार संबंध नसेल आणि हाताला साधं यंत्र आवडत असेल तर झोन:२३ ऐकून बघ. त्यात चॅनल दोनच, पण प्रत्येकात फोनो आणि लाइन अशा दोन जागा आपापल्या आवाजासकट एकत्र चालतात. डीजे मिक्सरच्या पुढे एक साधा लाइव्ह मिक्सर, यामाहा एमजी१० सारखा. चार माईकच्या जागा, प्रत्येकाला स्वतःचा गेन आणि ईक्यू, वर तीन स्टिरिओ जोड्या. पहिल्या जोडीत डीजे मिक्सर, दुसरीत कोरिओग्राफरसाठी साडेतीन एमएमची वायर, तिसरीत तुझा जुना कंट्रोलर, गाणं लावून तयार. डीजे मिक्सरच बंद पडला तरी लॉनवर शांतता पसरत नाही. आणि मुख्य म्हणजे माईक तुझ्या हाताखालून जातो. संगीताला शेजारी पोरगा बसवलास की तो माईक सांभाळेल, तू गाणी सांभाळ. डीजे मिक्सरवर दोघांचे हात मावत नाहीत. उरलेल्या पैशात एक बूथ स्पीकर, केस, झाकण आणि चांगल्या एक्सएलआर वायरी. दिखाऊ काही नाही यात. पोस्टरवर टाकायला मॉडेल नंबरही नाही, हे मला माहीत आहे.

एकाच कारणाने मी हे बदलेन. येत्या वर्षा-दोन वर्षांत पुण्याच्या क्लबात किंवा गोव्यात उभं राहायचं असेल, तर बोटांना मोठ्या डीजेएमची सवय हवी, कारण तिथे तोच मांडलेला असेल. पण सवय विकत घ्यावी लागत नाही. साउंडवाल्यांकडून नेक्सस-टू किंवा ए९ एका दिवसाच्या भाड्याने मिळतो. मधल्या वारी घे, भाडं कमी पडतं, आणि अख्खा दिवस घरी बसून वाजव. तसाच तो छोटा मिक्सरही घेण्याआधी कुणाकडून तरी आणून एक खरी हळद त्यावर कर. किमती आयात शुल्काबरोबर हलतात, म्हणून मुद्दाम आकडे लिहिले नाहीत. तीन ठिकाणी विचार, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घे.

प्लेयरचा व्यवहार पक्का करण्याआधी दोन्हींचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कोणतं आहे ते मला कळव. आणि तुझे पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेले आहेत ना, तेही बघून ठेव.